डाग दिसलाच पाहिजे

कोकणात चार खोल्यांचे घरगुती निवास सुरू करणाऱ्याला चादरींबद्दलचा सल्ला बहुतेक एकाच सुरात मिळतो. ठोक दुकानदार तो देतो, आधीपासून धंद्यात असलेला शेजारी देतो, आणि घरची माणसेही त्यावर मान डोलावतात. चादर गडद आणि छापील घ्या, म्हणजे डाग दिसत नाहीत. पॉलिस्टरची घ्या, म्हणजे लवकर वाळते, चुरगळत नाही, इस्त्री लागत नाही. शिवाय स्वस्त पडते. हा सल्ला देणारी माणसे अनुभवी असतात आणि त्यांचा प्रत्येक मुद्दा सुटा घेतला तर त्यात तथ्यही आहे. गडद छपाईत डाग खरेच दिसत नाही आणि पॉलिस्टर खरेच लवकर वाळते. तरीही हा सल्ला मुळातून चुकीचा आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे. तो चादरीला एकच काम सांगतो, ते म्हणजे लपवण्याचे. पाहुण्याच्या खोलीतल्या चादरीचे काम नेमके याच्या उलट आहे. आपण किती स्वच्छ आहोत हे तिने स्वतःहून दाखवले पाहिजे आणि दर पाहुण्यामागे कडक धुलाई सोसून पुन्हा तशीच दाखवता आली पाहिजे. म्हणून चादर दुकानातल्या दिव्यांखाली पसंत करून चालत नाही. ती धुण्याच्या दगडावर पसंत करावी लागते. त्या कसोटीला उतरते ती पांढरी, शुद्ध सुती, साध्या विणीची, मध्यम वजनाची चादर. लहान निवासासाठी याहून योग्य दुसरी निवड नाही.

आधी डागाचा प्रश्न घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. घरच्या अंथरुणावर कोण झोपले, चादर कधी बदलली, हे आपल्याला ठाऊक असते. निवासातल्या अंथरुणावर काल कोण होते हे पाहुण्याला ठाऊक नसते आणि ते कळायला त्याच्यापाशी काही साधनही नसते. जेवण तो चाखून बघू शकतो, नळ सोडून बघू शकतो, दाराची कडी लावून बघू शकतो. चादर धुतलेली आहे की नुसती झटकून पुन्हा घातली आहे, हे मात्र गडद मरून रंगाच्या फुलांवर कोणालाच सांगता येत नाही. पाहुण्याला नाही, खोली आवरणाऱ्या बाईंना नाही, मालकालाही नाही. डाग दिसत नाही याचा अर्थ डाग नाही असा होत नाही. डाग असल्याचे कळायची वाट तेवढी बंद होते. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांतल्या चादरी पांढऱ्या असतात आणि त्या नीट धुतल्या गेल्या की नाही हे शुभ्रता मोजणाऱ्या ‘व्हाइटोमीटर’ या यंत्राने तपासले जाते. अवाढव्य पसाऱ्यात धुलाईवर लक्ष ठेवायचे तर कापड पांढरेच लागते. लहान निवासाला त्या यंत्राची गरज नाही, पण तत्त्व तेच आहे. ढेकणांचेच पाहा. ढेकूण खोलीत शिरला की पचलेल्या रक्ताचे बारीक काळपट ठिपके चादरीवर आणि गादीच्या शिवणीपाशी पडू लागतात. पांढऱ्या चादरीवर ते पहिल्या-दुसऱ्या दिवशीच नजरेत येतात आणि एका पलंगावर काम भागते. छापील चादरीवर ते दिसतात तेव्हा बहुधा पाहुण्याची तक्रार आलेली असते आणि ढेकूण शेजारच्या खोलीतही पोहोचलेले असतात.

आता कापड. प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत, म्हणजे २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना, सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो; पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. एप्रिल-मेच्या रात्री किनाऱ्यालगतच्या खोलीत हा फरक थेट पाठीला कळतो. सूत घाम आत ओढून घेते, पॉलिस्टर तो अंगावरच ठेवते आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. काही मोठ्या हॉटेलांत सूत-पॉलिस्टरचे मिश्र कापड वापरतात, मग आम्हाला का चालू नये, असा प्रश्न यावर येतो. त्या हॉटेलांतली खोली रात्रभर थंड आणि कोरडी ठेवलेली असते. पंख्यावर चालणाऱ्या आणि अधूनमधून वीज जाणाऱ्या खोलीला ती तुलना लागू होत नाही. दुसरा मुद्दा तेलाचा. डोक्याला लावलेले खोबरेल आणि अंगाचे तेलकटपण पॉलिस्टरचा धागा धरून ठेवतो. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने सुतातून ते निघून जाते, पॉलिस्टरमध्ये थोडे थोडे साचत राहते, आणि म्हणूनच अशा चादरीला आणि अभ्र्यांना धुतल्यावरही कुबट वास येतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा उष्णतेचा. धुळीतले सूक्ष्म कीटक ५५ अंशांच्या पुढच्या पाण्यात मरतात. ६० अंशांच्या धुलाईत ढेकूण आणि त्यांची अंडीही वाचत नाहीत. पांढरे सूत एवढे गरम पाणी सहज सोसते. परीट पूर्वी भट्टी लावून सोड्याच्या पाण्यात कपडे अक्षरशः उकळत आणि ते सूत वर्षानुवर्षे टिके. पॉलिस्टरचा धागा ७०-८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि त्या वेळी पडलेल्या चुण्या मग सहजी जात नाहीत. स्वस्त छपाईचा रंगही गरम पाण्यात विटतो. त्यामुळे गडद छापील चादरीचा मालक ती गार पाण्यात, बेताच्या साबणात, घाबरत घाबरत धुतो. जी चादर कडक धुवायची भीती वाटते, ती परक्या माणसाखाली घालू नये.

बाजारातली नावे इथे फार फसवतात. ‘ग्लेस कॉटन’, ‘कॉटन फील’, ‘सुपर सॉफ्ट कॉटन’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या चादरींत पुष्कळदा सूत नावापुरतेच असते आणि उरलेले सगळे पॉलिस्टर असते. याची परीक्षा घरच्या घरी होते. कडेचे दोन धागे उपसून ते चिमट्यात धरून पेटवावेत. सूत कागदासारखे जळते, कागदासारखाच वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी राख उरते. पॉलिस्टर आक्रसते, वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात राखेत खडे लागतात. खळीचेही तसेच आहे. विरळ विणीच्या कापडावर खळ चढवली की ते दुकानात भारी आणि भरीव लागते, पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि हातात लुळे कापड उरते. म्हणून बारा चादरी घेण्याआधी एक घ्यावी, ती चार-पाच वेळा गरम पाण्यात धुवावी आणि मगच उरलेल्यांचे ठरवावे. जो दुकानदार याला कबूल होत नाही, त्याच्याकडून एकही घेऊ नये.

गडद पॉलिस्टरच्या सल्ल्याच्या विरुद्ध टोकाला दुसरा सल्ला आहे आणि तोही तितकाच टाळावा असा. पाहुणा खूश व्हायचा तर चारशे, सहाशे, हजार ‘थ्रेड काउंट’ची चकचकीत सॅटिन चादर घ्या, असे हे लोक सांगतात. थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे आहेत तो आकडा. एका इंचात एकपदरी धागे किती मावतील याला मर्यादा आहे. ती ओलांडायला दोन-तीन पदरी धागा वापरतात आणि त्याचे पदर सुटे मोजतात. म्हणजे २५० धाग्यांचे कापड दुपदरी धाग्यामुळे कागदावर ५०० चे होते. अशी मोजणी ग्राहकाची दिशाभूल करू शकते, असे मत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी २००५ मध्येच दिले होते. कापसाच्या नावाचीही हीच गत. इजिप्शियन कापसाच्या म्हणून विकलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी-अभ्र्यांत दुसराच कापूस होता, असे टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीने २०१६ मध्ये जाहीर केले आणि पुरवठादाराशी व्यवहार थांबवला. एवढ्या मोठ्या खरेदीदारालाही जे नुसत्या स्पर्शाने कळले नाही, ते चार खोल्यांच्या मालकाला वेष्टनावरच्या आकड्यावरून कसे कळणार? त्यातून सॅटिनची वीण निवासाच्या उपयोगाची नाही. तिच्यात एक धागा चार धाग्यांवरून उडी मारून मग खाली जातो. त्यामुळे कापडाला चकाकी येते, पण तेच मोकळे धागे जोडव्यात, पैंजणात, बांगडीच्या कडेत अडकून उपसले जातात. साध्या विणीत धागा एकावरून आणि एकाखालून जातो. ती घट्ट बसते, कमी उपसते आणि हवा खेळू देते. ४० ते ६० काउंटच्या (हा काउंट सुताच्या बारीकपणाचा) एकपदरी सुताची, चौरस इंचाला १८० ते २५० धाग्यांची साधी वीण एवढे लिहून घेतले आणि जाळून, धुऊन पाहिले, की बाकी विशेषणांची गरज राहत नाही.

पांढऱ्या चादरीवरचा पहिला आक्षेप कोकणातल्या कोणालाही सुचेल असा आहे. इथे तांबडी माती आहे, हळदीचे माशाचे कालवण आहे, आमरस आहे, काजूच्या बोंडाचा रस आहे. पांढरे टिकणार कसे? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर डागाच्या स्वभावात आहे. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते आणि माणूस घाबरतो. तो खारामुळे झालेला बदल असतो. कपडा नीट धुऊन उन्हात टाकला की हळदीचा रंग उडत जातो, कारण तो प्रकाशाला टिकत नाही. जांभ्याच्या मातीचा तांबडेपणा लोहाचा आहे. त्यावर क्लोरीनचे ब्लीच ओतणे ही नेहमीची चूक. त्याने तो जात नाही, उलट घट्ट बसू शकतो. माती वाळवून झटकावी, साबणाने धुवावी आणि उरलेल्या झाकेवर लिंबासारखे आम्ल वापरावे. तेलाला गरम पाणी आणि सोडा लागतो. रक्ताला आधी गारच पाणी लागते, गरम पाण्याने ते पक्के होते. यातला प्रत्येक उपाय पांढऱ्या सुतावर बेधडक करता येतो. ऊन, आम्ल, उकळते पाणी, बेताचे ब्लीच, यांतले काहीही छापील कापडावर केले तर डागाबरोबर फुलेही जातात आणि डागाच्या जागी फिकट चट्टा उरतो. म्हणजे डाग पडण्याची भीती दोन्हीकडे सारखीच आहे आणि काढण्याची सोय एकाच बाजूला आहे. मेंदीसारखा एखादा डाग जाणारच नाही, हे मान्य. पण चार चादरी अशा गेल्या म्हणून सगळ्या चादरींनी रोज डाग लपवत राहावे, हा हिशेब जुळत नाही.

दुसरा आक्षेप पावसाचा आणि तो सर्वांत जड आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. त्या हवेत सूत वाळत नाही, दमट राहिले तर त्यावर बुरशी धरते, आणि पॉलिस्टरवर ती तशी धरत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण सूत सगळे सारखे नसते. १०८ इंच चौरस चादर म्हणजे सुमारे साडेसात चौरस मीटर कापड. चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाच्या कापडाची ती चादर नऊशे ग्रॅम भरते, १६० ग्रॅमच्या कापडाची बाराशे. जास्त सूत जास्त पाणी धरते आणि ते पाणी हवेत जायला जास्त वेळ लागतो. जाड सॅटिन दोन दिवस ओले राहते तिथे हलकी साधी वीण पिळणीतून काढून, पडवीत पंख्याखाली पसरून, किंचित ओलसर असतानाच इस्त्री फिरवली की तयार होते. इस्त्रीची उष्णता उरलेला ओलावाही घालवते. शिवाय ज्या महिन्यांत चादर वाळत नाही, त्याच महिन्यांत समुद्रातले जलक्रीडा प्रकार बंद असतात आणि किनाऱ्यावरची गर्दी ओसरलेली असते. एक संच पलंगावर, एक धुण्यात आणि एक कपाटात, असा तीन संचांचा जो नेहमीचा हिशेब आहे, तो गर्दीच्या दिवाळी-नाताळात पुरतो, आणि खोल्या निम्म्या भरलेल्या असताना तेच तीन संच सहा संचांचे काम करतात. प्रत्येक खोलीमागे चौथा संच ठेवला तर श्रावणातही अडचण येत नाही. चार महिन्यांच्या ओलीसाठी पाहुण्यांना आठ महिने घामात झोपवणे हा त्यावरचा तोडगा होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. चांगली सुती चादर खरेदीच्या दिवशी महाग पडते, यात वाद नाही. पण निवासाचा खर्च एका चादरीवर ठरत नाही, सगळ्या साठ्यावर ठरतो. चार खोल्यांत चार नक्ष्यांच्या चादरी असल्या की प्रत्येक नक्षीचे अभ्रे वेगळे, प्रत्येकीचा राखीव संच वेगळा. एक अभ्रा फाटला की संच मोडला, आणि तीच नक्षी पुढच्या वर्षी बाजारात मिळत नाही. पांढऱ्यात कोणताही अभ्रा कोणत्याही चादरीला चालतो, दोन राखीव चादरी चारही खोल्यांना पुरतात, आणि मध्ये झिजलेल्या चादरीच्या धडक्या कडांतून अभ्रे निघतात, उरल्याची फडकी होतात. खरा तोटा दुसरीकडेच होतो, मापात. सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग आणि सहा इंचांची गादी धरा. रुंदीत गादीचे ७२ इंच, दोन्ही बाजूंना उतरणारे सहा-सहा, आणि गादीखाली खोचायला किमान नऊ-नऊ, असे १०२ इंच लागतात. लांबीत हाच हिशेब १०८ इंचांवर जातो. त्यात नवे सूत पहिल्या काही धुण्यांत आटते. तरीही ‘डबल बेड’ म्हणून ९० बाय १०० इंचांची चादर सर्रास विकली आणि घेतली जाते. ती रुंदीला प्रत्येक बाजूस तीनच इंच खोचली जाते, रात्रीत सुटते, आणि पाहुणा उघड्या गादीवर झोपतो. गादी घामाने खराब होते आणि ती काही धुता येत नाही. चादरीत वाचवलेले पैसे असे गादीत जातात.

चौथा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. पांढरी चादर ही परक्या हॉटेलांची नक्कल आहे, कोकणातल्या घरात आपले रंग हवेत, सोलापुरी चादर हवी, गोधडी हवी, असे काही जण म्हणतात. वेस्टिन या हॉटेलसाखळीने १९९९ मध्ये पूर्ण पांढरा पलंग आणला आणि नंतर जगभरच्या हॉटेलांत ती रीत पसरली, हे खरे आहे. पण पाहुण्यासाठी पांढरे अंथरणे आपल्याला कोणी शिकवायला नको होते. गाण्याची बैठक असो की लग्नघरची, गाद्यांवर पांढरीशुभ्र चादर आणि लोड-तक्क्यांना पांढरे अभ्रे, हीच आपल्याकडची मानाची मांडणी. पांढऱ्याला अशुभ मानणाऱ्यांनीही ही बैठक कधी अशुभ मानली नाही. राहिली सोलापुरी चादर. तिला भौगोलिक मानांकन आहे, तिच्या नक्षीचा अभिमान वाटावा अशीच ती आहे, पण ती पांघरूण आहे. ती जाड असते, दर पाहुण्यामागे धुता येत नाही आणि कोणी धुतही नाही. रेल्वेतली पांघरायची कांबळी महिन्यातून किमान एकदा धुतली जातात, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले. त्याच डब्यातली चादर मात्र दर प्रवासामागे धुतली जाते. हा फरक जाड कापडाबाबत अटळ असेल, तर जाड कापड अंगाला लागू न देणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून पलंगावर पांढऱ्या चादरी दोन हव्यात. एक गादीवर आणि दुसरी पांघरुणाच्या आतून, डोक्याकडे हातभर बाहेर दुमडलेली. त्यावर सोलापुरी चादर घाला, घरच्या लुगड्यांची गोधडी घाला, हवा तेवढा रंग घाला. अभिमानाची वस्तू वर मिरवावी आणि अंगाला लागणारी वस्तू धुवावी, यात विरोध कसला? कापडही आपल्याच भागातले घेता येते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून ते गाव सुती कापड विणत आले आहे. मोठ्या पन्ह्याचा तागा मिळाला तर गावातला शिंपी हव्या त्या मापाच्या चादरी कडा दुमडून देऊ शकतो, आणि मग माप दुकानाच्या सोयीने न ठरता पलंगाच्या गरजेने ठरते.

शेवटचा आक्षेप सुरकुत्यांचा, आणि माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल तिथेच लागतो. सुती चादर चुरगळते, तिला इस्त्री लागते, पॉलिस्टरची तशीच सपाट राहते, असे कौतुकाने सांगितले जाते. पण चादर चुरगळते म्हणजे नेमके काय होते? तिच्यावर कोणीतरी झोपले होते, ही खूण तिच्यावर उमटते. ती खूण पुसायला चादर धुवावी लागते, वाळवावी लागते, इस्त्री करावी लागते. मधली वाट नाही. पॉलिस्टरच्या चादरीवर ती खूण उमटतच नाही. सकाळी पाहुणा गेला, दुपारी दुसरा आला, आणि मधल्या वेळात हात फिरवून सपाट केलेली चादर धुतलेलीसारखीच दिसते. गडद रंग डाग लपवतो आणि न चुरगळणारे कापड वापर लपवते. दोन्ही एकत्र आले की प्रामाणिक मालकाचाही नाइलाज होतो. सुट्टीच्या गर्दीत, माणसे कमी असताना, पाणी तुटपुंजे असताना, आजचा दिवस ढकलून नेण्याचा मोह कोणालाही होईल. आणि त्या मोहाला अडवणारे त्या पलंगावर काहीच उरलेले नसते.

म्हणून सरकारी निवास-न्याहारी योजनेत नाव घातलेल्या, किंवा स्वतःच्या हिमतीवर दोन खोल्या उघडणाऱ्या प्रत्येक घराला माझे सांगणे आहे की, चादर निवडताना ती तुम्हाला किती सांभाळून घेईल हे पाहू नका, ती तुम्हाला किती जबाबदार ठेवील हे पाहा. मोठ्या हॉटेलाच्या नावावर पाहुणा विसंबतो. लहान घराचे नाव त्याने कधी ऐकलेले नसते; रात्री पांघरूण उलगडताना जे दिसेल तेवढ्यावरच त्याला तुमची पारख करायची असते. तिथे परीटघडीच्या आडव्या-उभ्या रेषा अजून उमटलेल्या असल्या, तर या चादरीवर धुतल्यापासून कोणी झोपलेले नाही हे त्याला आपोआप कळते. सुतावर त्या रेषा फक्त धुऊन इस्त्री केल्यावर उमटतात आणि एका रात्रीत मोडतात. उद्याच्या पाहुण्यासाठी त्या पुन्हा घालाव्या लागतात.